देवीपुढचं कॉर्नेट

म्हैसूर, कुवेंपुनगर
आषाढ वद्य तृतीया, १९८६

चि. वेंकोजीभाऊजी यांस गिरिजावहिनीचे आशीर्वाद.

पार्सल काल दुपारी पोचलं. व्हॉल्व्हच्या तेलाच्या बाटल्या दोन, पैकी एक वाटेत पाझरून निम्मी झालेली. क्लॅरिनेटच्या रीडची पेटी एक. साइड ड्रमची कातडी दोन. कॉर्नेटचं माउथपीस एक, मखमलीच्या पिशवीत. वर तिकिटं साडेचौदा रुपयांची. किमतीच्या चिठ्ठ्या तुम्ही फाडून टाकल्यात, पण रीडच्या पेटीच्या बुडाशी एक चिकटून राहिली होती, बासष्ट रुपयांची. तिच्यावरून बाकीचा अंदाज केला आणि गप्प बसले. एवढा खर्च कशाला केलात असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. शाळेच्या बँडला हे सगळं हवंच होतं. शाळेने अलीकडे ढोलाला दोरीसुद्धा घेतलेली नाही.

पार्सल कुणाचं ते ह्यांना, तुमच्या अण्णांना, सांगितलेलं नाही. एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवलं, एवढंच म्हटलं. तेही खरंच आहे, तुम्ही त्यांच्याच हाताखाली शिकलात. तेल, रीड, कातडी त्यांनी शाळेत नेली. माउथपीस मात्र मी दाखवलं नाही. शेवयांच्या डब्यात ठेवलं आहे. का, ते पुढे कधी लिहीन.

ह्यांची तब्येत ठीक आहे. ज्येष्ठात पहाटे मुलांचा सराव घ्यायला गेले होते तेव्हा वारं लागलं, ते स्वल्प बाधलं आहे इतकंच. काळजी नसावी.

तुमचं पत्र वाचून मात्र मला राग आला. बेळगावची एवढी चांगली शाळा, राहायला जागा, आणि तुम्ही बँड सोडून विम्याची एजन्सी घेणार म्हणता. कारणं तुम्ही लिहिलीत ती मला नवी नाहीत. परीक्षा आली की हेडमास्तर बँडचा तास गणिताला देतात. आईबाप म्हणतात, ढोल बडवून नोकरी मिळते का. आणि जरा कुठे मुलं वाजवू लागली की दहावी होऊन निघून जातात. भाऊजी, हे सगळं मी ह्या घरात रोज जेवणाबरोबर वाढत आले आहे.

तुमच्या अण्णांचा बँड दर मार्चला मरतो. कोपऱ्यात वाद्यं तेवढी उरतात. मग जूनमध्ये नवी मुलं येतात. पहिल्या दिवशी घरी आले की हे टोपी खुंटीला लावून म्हणायचे, "गिरिजा, आज म्हैस व्यायली." पंधरा ऑगस्टपर्यंत म्हैसच. दसऱ्यापर्यंत जरा माणसाचा आवाज. सव्वीस जानेवारीला बँड. त्या दिवशी घरी येऊन दोनदा कॉफी मागत. त्यावरून मला कळे. आणि दोन महिन्यांत पुन्हा सगळं रिकामं.

माझ्या स्वयंपाकाचंही असंच आहे. सकाळी केलेलं रात्रीला उरत नाही, म्हणून मी चूल सोडून विमा विकायला गेले नाही. तुम्ही म्हणाल, वहिनीला काय कळतं. सूर मला कळत नाही, खरं आहे. पण टिकणं म्हणजे काय ते कळतं.

चामुंडी आईला तुमच्या नावाने नमस्कार केला आहे. एजन्सीचा फॉर्म भरला असलात तर पाठवू नका.

गिरिजावहिनी

---

म्हैसूर
श्रावण शुद्ध एकादशी

चि. भाऊजी यांस आशीर्वाद.

आज उपास आहे, चूल नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले. मागच्या पत्रात वारं लागलं असं लिहिलं ते पुरतं लिहिलं नव्हतं. तुमच्या अण्णांच्या चेहऱ्यावरून वारं गेलं आहे. तोंड डाव्या बाजूला ओढलं गेलं आहे. डावा डोळा मिटत नाही, रात्री वर ओला रुमाल ठेवावा लागतो. मोठ्या दवाखान्यात गोळ्या दिल्या, विजेचा शेक दिला. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ लोकांचं बरं होतं. ह्यांचं अजून झालेलं नाही. कॉफीसुद्धा ओठाच्या कोपऱ्यातून गळते. नवं माउथपीस त्यांच्या हातात कसं देऊ, सांगा.

काल पंधरा ऑगस्ट आणि वरमहालक्ष्मीचा शुक्रवार एकाच दिवशी आले. पूजा मी पहाटेच उरकली आणि शाळेच्या मैदानावर गेले. मी कधी जात नाही. पण हे कॉफी न घेता गेले होते आणि जाताना म्हणाले होते, "आज सलामी मीच देणार." मुलांपैकी कुणाला तरी द्या, असं हेडमास्तर शेषगिरी आठवडाभर सांगत होते. ऐकलं नाही.

झेंडा वर गेला. ह्यांनी कॉर्नेट ओठाला लावलं. आवाज आलाच नाही, भाऊजी. नुसती हवा, ओठाच्या कोपऱ्यातून. पुन्हा फुंकलं. ह्या वेळी आवाज आला, पण कसला तो लिहवत नाही. लाळ कॉलरवर उतरली. मागच्या ओळीत पोरं हसली, ती पोरंच. पण पुढच्या खुर्च्यांवरही कुणीतरी हसलं. बँडची मुलं मात्र खाली बघत उभी होती. साइड ड्रम वाजवणारी तुंगा रडत होती आणि काड्या छातीशी तशाच धरून होती, कारण सलामीत हलायचं नाही हे ह्यांनीच शिकवलेलं.

तेव्हा शाळेचे नवे सेक्रेटरी तिरुमलराव यांनी हाताने खूण केली. टेपरेकॉर्डर आधीच आणून ठेवलेला होता. वीज कमी होती, कॅसेट ओढल्यासारखी चालली, मुलांची पावलं चुकली. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर पेढे वाटताना सेक्रेटरी ह्यांच्याजवळ आले. मी दोन हातांवर होते, त्यांना ठाऊक नव्हतं मी कोण.

"मास्तर, आता सुम्ने, उगीच त्रास कशाला करून घेता? दोन वर्षांनी रिटायरच व्हायचं. आमच्या मेहुण्याचा मेटगळ्ळीला कारखाना आहे, टाइम ऑफिसात बसवतो. वेळ झाली की भोंग्याचं बटण दाबायचं, बस. त्याला तोंड लागत नाही."

हे म्हणाले, "थँक्यू सर."

पेढा खिशात घातला आणि घरी आल्यावर माझ्या हातात दिला.

संध्याकाळी हेडमास्तरांच्या सीतालक्ष्मीबाई हळदीकुंकवाला आल्या. तांबूल घेऊन उठता उठता म्हणाल्या, "गिरिजाबाई, मी सांगितलं म्हणून सांगू नका. दिवाळी झाली की वाद्यं विकणार आहेत. पिरियापट्टणच्या लग्नाच्या बँडवाल्याशी बोलणं झालंय. आमच्या ह्यांना वाईट वाटतंय. म्हणतात, एक नोव्हेंबरच्या राज्योत्सवाला बँड एकदा नीट उभा राहिला, तर सेक्रेटरींपुढे बोलायला तोंड राहील. पण उभा कोण करणार?"

मी म्हटलं, बघू, आईची इच्छा.

आईच्या इच्छेला माणसाचे हात लागतात. बँडची काठी हे अजून धरतात, कान शाबूत आहेत, मुलं समोर आहेत. फुंकून दाखवणारा हवा आहे. एक महिना यायचं झालं तर शाळा तुम्हाला रजा देईल का? मी विचारते आहे. त्यांनी विचारलेलं नाही.

गिरिजावहिनी

---

म्हैसूर
भाद्रपद वद्य अष्टमी

चि. भाऊजी यांस आशीर्वाद.

तुमचं कार्ड मिळालं. "अण्णांनी स्वतः बोलावलं तर येतो" एवढी एकच ओळ. पोस्टाचे पैसे तरी वसूल करायचे होते, अर्धं कार्ड कोरं पाठवलंत.

काल मामंजींचा पक्ष झाला. मंत्र म्हणताना ह्यांचे ओठ मिटेनात. भटजी एकेक शब्द थांबून थांबून सांगत होते, तरी पितरांचं नावच तोंडातून फुटेना. शेवटी भटजी म्हणाले, "मनात म्हणा, येसाजीराव, त्यांना ऐकू जातं." जेवणं झाल्यावर हे मागच्या पायरीवर जाऊन बसले ते दिवे लागेपर्यंत.

इकडची हकिकत सगळी लिहिते. चांगली नाही. गणपतीपर्यंत हे शाळेत जात होते. मग एक दिवस मुलांना म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. शाळेला टेप आहे, त्याच्यापुढे उभे राहा." आजारपणाची रजा टाकली. मुलं ऐकेनात. समोरच्या रिकाम्या साइटवर संध्याकाळी येऊन वाजवतात, आमच्या खिडकीकडे तोंड करून. तुंगाने एकदा दारात येऊन विचारलं, "बाई, सर ऐकतात का?" मी म्हटलं, ऐकतात गं. खरं म्हणजे हे खिडकी लावून घेतात. पण मी पाहिलं आहे. कुठे चाल चुकली की ह्यांची बोटं गुडघ्यावर वाजू लागतात. मग लक्षात आलं की तो हात मांडीखाली दाबून बसतात. बँड संपेपर्यंत तसेच बसतात, हातावर.

जेवण कमी झालं आहे. गळतं म्हणून माझ्यासमोर जेवत नाहीत. बाकीचं लिहीत नाही.

आता तुमच्या एका ओळीचं उत्तर. अण्णा बोलावणार नाहीत. का बोलावणार नाहीत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण तुम्ही ते विसरू पाहता म्हणून लिहिते. तुमच्या घराण्याची रीत मी लग्न होऊन आले त्या वर्षीच शिकले. नवमीला हत्यार देवीपुढे ठेवायचं. दशमीला उत्तरपूजा झाली की ज्याचं त्याने उचलायचं. न उचलता दिवस मावळला, तर ते देवीचं झालं, त्या माणसाने ते पुन्हा हातात धरायचं नाही. दिवस असेतो घरातल्या सगळ्यात धाकट्याने उचलून हातात दिलं, तरच चालतं. पण थोरल्याने मागायचं नाही, आणि धाकट्याने दिलं तर नाकारायचं नाही.

तलवारी गेल्या तेव्हा मामंजींनी बिगुल ठेवायला सुरुवात केली. मी नवी होते, आणि मॅट्रिक झालेली. म्हटलं, तोंडाचं उष्टं वाजवायचं देवीपुढे कसं ठेवता? तर मामंजी म्हणाले, "शंख काय नाकाने फुंकतात?" तुम्ही सगळ्यात मोठ्याने हसला होतात.

मग मामंजी बिगुल वाजवत ती संस्थानची पलटण मोडली. त्या दशमीला मामंजींनी बिगुल उचललं नाही. दिवसभर पाटावर बसून राहिले. चौदा वर्षांचे तुम्ही, जंबूसवारीची मिरवणूक बघायला गेलात आणि मशालींची कवायत संपवून आलात. तोवर दिवस मावळून गेला होता. मामंजी तुम्हाला एक शब्द बोलले नाहीत. मार्गशीर्षात गेले. बोलले ते तुमचे अण्णा. "हा उशिरा येणाराच," हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल. तुम्ही बेळगावची नोकरी घेतलीत तेव्हा स्टेशनवर पोचवायला आले नाहीत, दारातूनच म्हणाले, "जा, उशीर होईल." त्यानंतर तुम्ही ह्या घराची पायरी चढला नाहीत. त्यांचं चुकलं. चौदा वर्षांच्या पोराने मिरवणूक बघायची नाही तर काय करायचं? हे मी त्यांनाही सांगितलं आहे. आवडलं नाही.

म्हणून म्हणते, बोलावण्याची वाट बघू नका. ह्या घरात मागत नाहीत.

वनजा मुंबईहून पत्र टाकते, तिला बापाचं सगळं कळवलेलं नाही. तुम्हीही कळवू नका. तिचे दिवस भरत आले आहेत.

गिरिजावहिनी

---

म्हैसूर
आश्विन शुद्ध नवमी

चि. भाऊजी,

हे पत्र तुम्हाला दशमी उलटून गेल्यावर मिळणार हे मला कळतं. तार करावी म्हणून पोस्टात गेले, तर तिथेही आयुधपूजा. दाराला आंब्याचं तोरण, खिडकी बंद. शिपाई पायरीवर राजगिऱ्याचा लाडू खात बसला होता. म्हणाला, "अम्मा, दोन दिवस काही नाही." तेव्हा घरी येऊन हेच लिहिते आहे. नाही लिहिलं तर मला घास उतरायचा नाही.

आज सकाळी ह्यांनी कॉर्नेट देवीपुढे ठेवलं.

दरवर्षी ठेवतात. घाईघाईने आणतात, बोटाला तेल तसंच असतं, आणि मला बजावतात, "कुंकू पुढच्या तोंडालाच लाव, बटणांवर सांडू नकोस." एका वर्षी गंध आत जाऊन बटणं बसली होती, ते तुम्हाला आठवत असेल. आज तसं नाही. काल दुपारपासून मागच्या पायरीवर बसून होते. एकेक नळी काढून धुतली, आतून कोरडी केली, तेलाचा थेंब ठेवला नाही. पुन्हा जोडलं, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलं. भाऊजी, पुन्हा वाजवायचं असतं त्याला कुणी असं कोरडं करत नाही. शेवटची आंघोळ कशी घालतात तसं मला दिसलं.

ठेवताना दोन्ही हातांनी ठेवलं. मला बटणांचं काही बजावलं नाही.

मग म्हणाले, "सोमवारपासून मेटगळ्ळीला जाईन म्हणून सेक्रेटरींना निरोप दिलाय."

मी म्हटलं, "आयतु, ठीक आहे."

दुसरं काय म्हणणार? आरतीला ताट धरताना कापूर सांडला. विझवला. इतकंच.

गिरिजावहिनी

---

म्हैसूर
कोजागिरी पौर्णिमा

चि. वेंकोजीभाऊजी यांस आशीर्वाद.

तुमचं पाकीट आज आलं. म्हणजे माझं नवमीचं पत्र मिळायच्या आधीच तुम्ही ते टाकलं होतंत. राजीनामा लिहून टेबलाच्या खणात ठेवला आहे आणि सुटी संपली की देणार, असं लिहिलंत. बरं झालं सांगितलंत. आता मी काय केलं ते ऐका. शास्त्रात बसतं की नाही मला माहीत नाही.

दशमीला सकाळी मुलं आली. गणवेश इस्त्रीचे, ढोलाची पितळ चिंचेने चकाकवलेली. दरवर्षी ह्या दिवशी सरांच्या पाया पडून पहिली चाल आमच्या दारात वाजवतात. हे आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी दोनदा सांगितलं, मुलं आली आहेत. शेवटी मुलं उंबऱ्याला हात लावून गेली. वाजवलं नाही. तुंगाने जाताना विचारलं, "राज्योत्सवाचं काय सांगू मुलांना?" मी म्हटलं, सराव सोडू नका म्हणावं. कुणाच्या भरवशावर म्हटलं, देव जाणे.

दुपार झाली. सगळी गल्ली सवारी बघायला गेलेली. एक कुत्रंसुद्धा रस्त्यावर नव्हतं. उत्तरपूजेची वेळ झाली. घट हलवायचा, देवीला उठवायचं, नऊ दिवसांचा दिवा शांत करायचा. मग ज्याने त्याने आपापलं उचलायचं. माझी कात्री, पोळपाट, शिवणाचं मशीन, सगळं ठेवलेलं होतंच. आणि ते कॉर्नेट. हे उठणार नाहीत हे मला दिसत होतं. देवीला एकदा उठवलं की मग दिवस मावळायची वाट बघणं तेवढं राहिलं असतं.

मी अक्षता हातात घेऊन बसले. किती वेळ बसले कोण जाणे, अक्षता हातातच ओल्या झाल्या. मग मी त्या पुन्हा वाटीत टाकल्या आणि दिव्यात तेल घातलं.

उत्तरपूजा मी केली नाही, भाऊजी. अजून केलेली नाही. घट तसाच आहे, रोज हार बदलते, नैवेद्य दाखवते. आमच्या घरात नवरात्र चालू आहे. देवी बसलेली आहे तोवर दशमी झाली असं मी धरत नाही. आणि दशमी झाली नाही, तर कॉर्नेट कुणी खाली ठेवलं असंही होत नाही. नुसतं पूजेला लावलं आहे.

शेजारच्या गोदाक्का प्रसादाला आल्या त्या बघून थक्क झाल्या. "अय्यो गिरिजा, हे काय गं? सगळ्या गावाची देवी परत गेली, तुझी अजून बसलेली? बसून बसून दमेल की ती!"

"दमू दे जरा," मी म्हटलं, "मी नाही दमत?"

"वेड लागलंय तुला."

असेल. पण रात्री झोपताना मी देवीची क्षमा मागते, आणि सकाळी पुन्हा तेल घालते. चूक असेल तर ती माझ्या नावावर लिहावी, असं तिला सांगून ठेवलं आहे.

हे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवघराच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "हे अजून का आवरलं नाहीस?"

"देवी उठली नाही."

"तेल किती जातंय?"

"जातंय तेवढं जातंय."

भाऊजी, इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या तोंडून असं उत्तर कधी ऐकलं नव्हतं. बघतच राहिले. मग त्या वाकड्या तोंडाने काहीतरी केलं. हसले की रडले ते मला नीट कळलं नाही, कारण हल्ली दोन्हीला चेहरा सारखाच होतो.

आता दोन गोष्टी लिहिते आणि थांबते.

पहिली. दशमीला दुपारी मी अक्षता घेऊन बसले होते तेव्हा कॉर्नेटकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. नवमीला पंचा होता, वर फुलं होती, दिसलं नव्हतं. त्याला जुनं माउथपीस नाही. तुम्ही पाठवलेलं आहे. शेवयांचा डबा मी पाहिला, मखमलीची पिशवी तिथेच आहे, रिकामी, नीट घडी करून ठेवलेली. कधी सापडलं, कुणी पाठवलं ते कसं ओळखलं, मला एका शब्दाने बोललेले नाहीत. पण ओळखलं आहे. आणि तेच लावून देवीपुढे ठेवलं आहे. ह्या घरात मागत नाहीत, हे मी लिहिलंच होतं. ह्याहून जास्त मागणं तुमच्या अण्णांना जमणार नाही.

दुसरी. सोमवारी सेक्रेटरींचा माणूस मेटगळ्ळीला न्यायला आला. मी स्वयंपाकघरात होते, कान बाहेर. हे दारात जाऊन, प्रत्येक शब्द ओढून ओढून, म्हणाले, "घरात नवरात्र उठलेलं नाही. अशात आमच्यात नवं काम धरत नाहीत." तो माणूस म्हणाला, "कोजागिरी आली, मास्तर, अजून कसलं नवरात्र?" हे म्हणाले, "आमचं लांबलंय." आणि दार लावलं. मग देवघरात गेले. मी पदराने हात पुसत दाराआडून पाहिलं. तेलाची बुधली उचलून त्यांनी दिव्यात तेल घातलं. मी पाहिलं हे त्यांना ठाऊक नाही.

संध्याकाळी मुलं साइटवर वाजवत होती. खिडकी लावली नाही. पुरती उघडलीही नाही, पण लावली नाही.

ह्यावरून सगळं नीट होईल असं मी म्हणत नाही. तोंड तसंच आहे. डॉक्टर आता पूर्वीसारखं बोलत नाहीत. सेक्रेटरी थांबणारे नाहीत, पिरियापट्टणचा माणूस येऊन वाद्यं बघून गेला, ढोल वाजवून गेला. राज्योत्सवाला दोन आठवडे राहिले. फुंकायचं तुम्ही, काठी त्यांची, एवढं जमलं तर जमलं. आणि वाद्यं गेली तरी तुम्ही आलेले असायला हवं.

तुमच्या राजीनाम्याचं म्हणाल, तर तो खणात ठेवू नका. बरोबर घेऊन या आणि कॉर्नेटशेजारी ठेवा. उत्तरपूजा झाल्यावर तो उचलायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी मध्ये पडणार नाही. पण अण्णांच्या हातात कॉर्नेट दिल्यानंतर तो उचलायला तुमचा हात रिकामा असेल असं मला वाटत नाही.

तुमच्या शाळेला सुटी आहे. आडवं येण्यासारखं काही उरलेलं नाही. उशीर झाला असंही तुम्हाला म्हणता येणार नाही, भाऊजी. ह्या वेळी दशमी मी मावळू दिलेली नाही.

कोणत्या गाडीने येता ते उलट टपाली कळवा. म्हणजे दिव्याला किती तेल आणून ठेवायचं ते मला ठरवता येईल.

गिरिजावहिनी